वाचून केलेली सही

कचेरीबाहेरच्या चिंचेखाली बसून मी सव्वीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. एवढ्या वर्षांत सही करायच्या आधी अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून काढणारं गिऱ्हाईक मला एकच भेटलं, ते म्हणजे रेबेकाबाई. बाकीचे अंगठा पुढं करायचे, शाई लावून घ्यायचे, कागदावर टेकवायचे आणि अंगठा डोक्याच्या केसांना पुसत निघून जायचे. ही बाई दोऱ्यानं बांधलेला चष्मा कानाला अडकवायची आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवत सावकाश वाचायची. तिच्यामागं चार माणसं खोळंबलेली असायची. माझं डोकं उठायचं. एकदा मी म्हणालोही, "बाई, हा अर्ज आहे, शुभवर्तमान नाही." तिनं मान वर केली नाही. "म्हनूनच वाचते," म्हणाली.

ती पारनेरकडची. बाप दुष्काळात मिशनच्या आसऱ्याला आला आणि पोरीला बोर्डिंगात घालून गेला. पाचवीपर्यंत शिकली, मग दानीएलशी लग्न झालं. तो छावणीत मोटारींच्या कारखान्यात हाताखालचा माणूस. विषमज्वरानं तो गेला तेव्हा मुलगी मरिया चार वर्षांची होती. रेबेकाबाईनं काज-बटणं करून तिला वाढवली, लग्न करून सोलापूरला दिली आणि पुन्हा काज-बटणं करत बसली. लढाई लागल्यावर कंत्राटदाराकडून खाकी सदऱ्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे तिच्याकडं येऊ लागले. हातानं काज भरता भरता ती आल्यागेल्याशी बोलायची, कुणाचं पत्र वाचून दाखवायची, कुणाला झापायची. स्वभावानं गोड वगैरे अजिबात नव्हती. तिच्यासमोर चूक शब्द वापरला की माणसाला तो सुधारूनच पुढं जावं लागे.

ती राहायची आबासाहेबांच्या चाळीत, स्टेशन रस्त्याला. एका ओळीत अकरा कौलारू खोल्या, पुढं सलग ओटा, मागं आड. अकरावी खोली कोपऱ्याची, ती तिची. लग्न होऊन ती त्याच खोलीत आली, मरिया तिथंच जन्मली, दानीएल तिथंच गेला. एकवीस वर्षं झाली होती. तिच्या शेजारच्या खोलीत झुंबरबाई, पाथर्डीकडची, बिड्या वळून तीन पोरं पोसणारी. सातव्या खोलीत छगन टांगेवाला. त्याचा घोडा ओट्याशीच बांधलेला असायचा आणि त्याच्यावरून रोज कुणीतरी कुणाशी तरी भांडायचं. बाकीच्या खोल्यांतही अशीच हातावर पोट असलेली माणसं.

लढाईच्या चौथ्या वर्षी लष्कराच्या लॉऱ्यांसाठी रस्ता रुंद झाला. चाळीपुढचा उकिरडा आणि बाभळी गेल्या आणि चाळ एकदम रस्त्यावर आली. आबासाहेबांना तोवर चाळ म्हणजे नसती कटकट वाटायची. आता त्यांना तिथं दुकानांच्या फळ्या दिसू लागल्या. पण त्या दिवसांत भाडेकऱ्याला ऊठ म्हटलं की उठवता येत नव्हतं, लढाईमुळं सरकारनं तसा कायदाच केला होता. म्हणून लोकांनी आपण होऊन जावं अशी तजवीज आबासाहेबांनी चालवली. फुटकी कौलं बसवायची बंद केली. संडासाचं दार पडलं, ते पडूनच राहिलं. मग एके दिवशी आडावरचा रहाट काढून नेला, दुरुस्तीला म्हणून.

चौथ्या दिवशी रेबेकाबाई चाळीतल्या सगळ्या बायका घेऊन, रिकाम्या घागरींसकट, आबासाहेबांच्या घरापुढं जाऊन बसली. नेमकं त्याच दिवशी त्यांच्या मुलीला बघायला पुण्याचे पाहुणे यायचे होते. हा मुहूर्त तिनं कसा काय साधला, मला कोडं पडलं होतं. पुढं कळलं की मुलीच्या नव्या पोलक्यांची काज-बटणं हिच्याकडंच आली होती, आणि कुठल्या दिवसापर्यंत हवीत तेही सांगितलं होतं. पाहुण्यांचा टांगा वेशीत येईपर्यंत रहाट परत बसला. पोलकीही तिनं वेळेवर दिली.

त्या दिवसापासून चाळीचं काही निघालं की लोक तिच्या दारात यायचे. तिला ते आवडत होतं असं मला वाटत नाही. "माझं काम पडतं भाऊ, ह्येंच्या पायात," असं ती मला म्हणायची. पण गठ्ठा बाजूला ठेवून उठायचीच.

पंचेचाळीस सालच्या वैशाखात ती माझ्याकडं आली. बरोबर झुंबरबाई, छगन आणि बाकीचे. नगरपालिकेला अर्ज करायचा होता, की मालकाला कौलं शाकारून द्यायला सांगा. तिनं मजकूर मनात तयार करून आणला होता.

"सहा खोल्या गळत्यात. चौथ्या आन् सातव्या खोलीचं आढं वाकलंय. पावसाच्या आत कौलं बसवून मिळावी. एवढंच लिहा," ती म्हणाली.

एवढंच लिहा. अर्जनवीसाला असं सांगणं म्हणजे आचाऱ्याला नुसता भात शिजव म्हणण्यासारखं. माझ्या धंद्याची एक रीत होती आणि ती मला माझ्या वडिलांनी शिकवली होती. अर्जातला माणूस नेहमी निराधार असायचा, त्याची मुलं नेहमी उपाशी असायची आणि त्याचं घर आज पडतं की उद्या अशा बेतात असायचं. आम्ही सोळा आणे रडायचं आणि साहेबांनी आठ आणे खरं मानायचं, असा दोन्हीकडून ठरून गेलेला व्यवहार. आठच आणे लिहिले तर साहेबांच्या हिशेबी चारच उरणार. मी टाक बुडवला आणि हात सैल सोडला.

अर्ज लिहून झाला. रेबेकाबाईनं चष्मा लावला आणि बोट फिरवत खाली आली. एका ओळीवर बोट थांबलं. 'सदरहू अकराही खोल्या मनुष्यवस्तीस सर्वथा अयोग्य झाल्या असून केव्हा जमीनदोस्त होतील याचा नेम नाही.'

"हे खोटं हाय," ती म्हणाली.

"अर्जात असंच लिहितात."

"माझी खोली गळत बी न्हाई. भिंत दगडाची हाय. आन् हितं अकराही लिहिलंय."

"बाई, तुम्ही काज भरता तेव्हा मी सांगतो का टाका कुठं घालायचा ते? मला माझं काम करू द्या. असं लिहिलं नाही तर तो कागद फडताळात जाऊन पडेल आणि तुम्ही बसाल पावसात."

छगन मागून म्हणाला, "लिवू द्या की बाई. जरा जोरात असल्याबिगर त्येंच्या कानात जात न्हाई."

ती त्या ओळीवरून परत एकदा बोट फिरवत गेली. झुंबरबाईच्या खोलीत गेल्या पावसाळ्यात पोरांना टोपल्याखाली बसवावं लागलं होतं, हे तिच्या डोळ्यांपुढं असणार. शेवटी तिनं टाक घेतला आणि सही केली. बाकी दहा जणांनी अंगठे उठवले. त्याच्याखाली मी रिवाजाप्रमाणं माझी ओळ लिहिली: 'अर्जदारांच्या सांगण्याप्रमाणे लिहून वाचून दाखविले.' आणि माझं नाव.

नगरपालिकेनं तो अर्ज रीतीप्रमाणं आबासाहेबांकडं खुलाशासाठी पाठवला. त्यांना बसल्या जागी घबाड मिळालं. घर राहण्याजोगं उरलं नसेल तर ते पाडायला मालकाला कायद्यानं मोकळीक होती, आणि ते राहण्याजोगं नाही हे भाडेकऱ्यांनीच अंगठ्यानिशी लिहून दिलेलं. त्यांनी कोर्टात दावा लावला. दाव्यात स्वतःचं एक वाक्य त्यांना लिहावं लागलं नाही, माझंच वाक्य अवतरणात घातलं होतं. दाव्याची नक्कल रेबेकाबाईनं माझ्यापुढं ठेवली. तिनं एका शब्दानं बोल लावला नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, मीही उलटून चार शब्द बोललो असतो.

तारखा पडत गेल्या. पावसाळा तसाच गळत गेला. लढाई संपली, खाकी सदऱ्यांचे गठ्ठे यायचे थांबले, रेबेकाबाईच्या हाताला आठवड्यातून दोन दिवस काम राहिलं. कोर्टात ती प्रत्येक तारखेला जायची आणि पुढची तारीख घेऊन यायची. पायऱ्या चढताना ती मध्येच कठड्याला धरून उभी राहायला लागली, ते मी चिंचेखालून बघायचो.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी चाळीत गेलो. वकील करायची कुणाची ऐपत नव्हती, तेव्हा वकील मीच. रेबेकाबाईच्या खोलीत सगळे जमले. मी सगळ्यांना एकच वाक्य पढवलं: 'अर्ज वाचून दाखवला होता, पण भाषा जड होती, आम्हाला कळली नाही.' न कळता उठवलेल्या अंगठ्याला मुन्सफ फार किंमत देणार नाहीत, हे मला अनुभवानं ठाऊक होतं. छगनकडून तीनदा घोकून घेतलं, कारण दर वेळी तो शेवटी आबासाहेबांच्या सात पिढ्यांवर घसरायचा.

त्या वाक्यानं चाळ वाचत होती आणि मीही वाचत होतो. अर्जदारानं नको म्हटलेलं वाक्य मी घातलं, असं कोर्टापुढं आलं असतं तर माझा परवाना गेला असता. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. रेबेकाबाईला सांगायची गरजच नव्हती.

"मला तर कळलं हुतं," ती म्हणाली.

"कळलं नाही म्हणायचं."

"बायबल हातात घेऊन?"

"हातात घेऊनच. रोज पन्नास जण काही ना काही हातात घेतात आणि बोलतात, कोर्टाचं छप्पर अजून पडलेलं नाही."

तिला हसू आलं नाही. "भाऊ, आख्ख्या चाळीची पत्रं मी वाचते. मला मराठी कळत न्हाई म्हनले तर कोन ऐकंल?"

"मुन्सफ ऐकतील. त्यांना कारणच हवं असतं. काज-बटणं करणारी विधवा बाई, तिला कोर्टाची भाषा कुठून कळणार, असं त्यांना सहज पटेल."

"त्येंला पटंल," ती म्हणाली.

सगळे गेल्यावर मी उठलो, तेव्हा तिनं मला थांबवलं. "तुमी उभं ऱ्हायला तर? वाक्य माझं हाय, बाई नको म्हनली हुती, एवढंच सांगायचं. तुमी कोर्टाच्या ओळखीचं. तुमचं ऐकतील."

"वेळ आली तर सांगेन," मी म्हणालो. म्हणताना मला ते खरं वाटत होतं, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी कोर्टात दहा जणांनी दहा वेळा तेच वाक्य म्हटलं. झुंबरबाई तर इतकी भ्याली होती की तिला ते वाक्यसुद्धा कळलं नसावं असं कुणालाही वाटलं असतं. मग रेबेकाबाई पिंजऱ्यात उभी राहिली. नऊवारी पांढरं पातळ, पूर्ण बाह्यांचं पोलकं, प्रार्थनेला जाताना घालायची ते. बायबलावर हात ठेवून तिनं शपथ घेतली.

आबासाहेबांच्या वकिलानं विचारलं, "बाई, आपल्याला लिहितावाचता येतं?"

"येतं."

"ही सही आपलीच?"

"माझीच."

"वाचून केली, की न वाचता?"

"वाचून केली."

वकील खाली बसला. त्याचं काम झालं होतं. मुन्सफ मात्र थकल्या चेहऱ्याचे, मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी कागद खाली ठेवला आणि तिच्याकडं बघून म्हणाले, "बाई, अर्जाची भाषा अवघड असते. शिकलेल्या माणसालासुद्धा सगळं कळतंच असं नाही. तुम्हाला या वाक्याचा पूर्ण अर्थ कळला होता का? सावकाश विचार करून सांगा."

याच्याहून सताड उघडं दार कोर्टात कुणी कुणाला ठेवत नाही. मग ती वळली. साक्षीदारानं मागं बघायचं नसतं, शिपायानं तिला तसं हटकलंही, पण ती वळली आणि मागच्या बाकांकडं बघितलं. मी तिसऱ्या बाकावर होतो. मी वाकून चपलेचा अंगठा तुटलाय का ते बघत होतो. तुटला नव्हता.

"कळला होता, साहेब," ती म्हणाली. कोर्टात ती शाळेतलं मराठी बोलत होती.

"म्हणजे ते खरं आहे?"

"नाही. खोटं आहे. मी एकवीस वर्षं तिथं राहते, खोली चांगली आहे. सगळ्यांना कौलं मिळावीत म्हणून मी खोट्यावर सही केली. ती चूक माझी आहे."

मुन्सफांनी आणखी एकदा विचारलं, "तुम्हाला हे कुणी लिहायला सांगितलं होतं का?"

"सही माझी आहे, साहेब," ती म्हणाली.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. दहा खोल्यांतले भाडेकरू अडाणी, त्यांना मजकुराचा अर्थ कळला नव्हता, सबब त्यांच्याविरुद्धचा दावा काढून टाकला. अकराव्या खोलीची भाडेकरू साक्षर, तिनं समजून उमजून खोली राहण्यास अयोग्य असल्याचं लिहून दिलं, आणि आता तेच खोटं म्हणते, तेव्हा तिच्या दोन्हींपैकी कुठल्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा. खोलीचा ताबा दोन महिन्यांत मालकाला द्यावा. आबासाहेबांना हवी होती ती तीच खोली. कोपऱ्याची, दोन रस्त्यांना तोंड असलेली. दुकानाला तेवढी पुरे होती.

चाळीत त्या दिवशी कुणी चूल लवकर पेटवली नाही. वाचल्याचा आनंद कुणाला करता येईना. छगन माझ्याकडं येऊन म्हणाला, "आमी समदे येडे ठरलो आन् ऱ्हायलो. शानी बाई निगाली." मी त्याला वरच्या कोर्टात अपील करता येतं म्हणून सांगितलं. तेच तिलाही जाऊन सांगितलं. ती सुईत दोरा ओवत होती. दोरा चार वेळा चुकला.

"आता दमले मी, भाऊ," ती म्हणाली. "ज्याच्या त्याच्या दारात कागद घेऊन हुभं ऱ्हायचं. न्हाई व्हनार आता."

भिंगारला तिचा चुलत दीर याकोब राहत होता. त्याच्या पडवीत तट्ट्या लावून जागा करायची ठरली. निघायचा दिवस सोमवार होता. छगननं टांगा आणला. सामान असं किती होतं, पत्र्याची पेटी, दोन भांड्यांची गोणी, एक बाज, दानीएलचा चौकटीतला फोटो आणि कपड्यांचा गठ्ठा. आम्ही दोघांनी ते चढवलं. बाज मावेना, ती टपावर बांधली.

झुंबरबाई ओट्यावर उभी होती, तोंडात पदर धरून. "बाई," ती म्हणाली, "मलाबी कळलं हुतं वं समदं. म्या खोटं बोलले."

"असू द्या," रेबेकाबाई म्हणाली. "पोरांच्या डोक्यावर छप्पर ऱ्हायलं न्हवं? आता कौलाच्या मागं लागा. मालक आपन हून न्हाई द्यायचा."

तिनं खोलीला कुलूप लावलं नाही, नुसती कडी घातली, आणि कुलूप-किल्ली आबासाहेबांच्या माणसाच्या हातात दिली. तो बिचारा ती घेताना उगीचच नमस्कार करून बसला. मग ती टांग्यात चढली. एक पाय पायरीवर ठेवून मध्येच थांबली, तेव्हा मी हात दिला. दोन महिने मी मनातल्या मनात घोळवत होतो ते त्या वेळी कसंबसं तोंडातून निघालं.

"रेबेकाबाई, मी उठायला पाहिजे होतं."

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. माझ्याकडं असं बघत राहिली की मला वाटलं, आता ही बोट ठेवून मला पहिल्या ओळीपासून वाचणार. पण तिचा चेहरा नुसता थकलेला होता.

"जाऊ द्या, भाऊ," ती म्हणाली. "परवाना गेला असता तर पोराबाळांना काय घातलं असतं तुमी?"

छगननं लगाम हातात घेतला.

मला मूलबाळ नाही. माझ्या घराबाहेर हे तिच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या बायकोला घेऊन मिशनच्या दवाखान्यात दोनदा तीच गेली होती, आणि डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते दोन्ही वेळा तिनंच घरी येऊन मला सांगितलं होतं. स्वतःचं घर वाचवायला ती बाई एक शब्द खोटा बोलली नव्हती. मी तिच्याकडं बघून मान हलवली, घरी चार पोरं वाट बघत असल्यासारखी, आणि टांगा निघाला.